‘असे म्हणतात’ म्हणजे कोण म्हणतात?

आमची नात यंदा दहावीला आहे. रोज संध्याकाळी घरात त्रिसरण-पंचशील झाले की ती वह्या-पुस्तके काढून बसते आणि आम्ही तिच्याजवळ बसतो. शिकविण्यासाठी नव्हे. आमचे इंग्रजी बेताचेच. पण लेकरू अभ्यास करीत असताना घरातला टी.व्ही. बंद असावा आणि वडीलधारे माणूस जवळ असावे, एवढाच हेतू.

मागल्या महिन्यात ती इंग्रजीची वाक्ये बदलण्याचा अभ्यास करीत होती. वहीत एक वाक्य होते, ‘पीपल से दॅट ही इज ऑनेस्ट’. म्हणजे, लोक म्हणतात की तो प्रामाणिक आहे. त्याचा प्रयोग बदलायचा होता. तिने खाली लिहिले, ‘इट इज सेड दॅट ही इज ऑनेस्ट’. म्हणजे, तो प्रामाणिक आहे असे म्हटले जाते. पुस्तकात बारीक अक्षरात सूचना होती की शेवटी ‘बाय पीपल’ लिहू नये. तिने लिहिले नव्हते. उत्तर बरोबर होते. पण पोरगी तिथेच थांबली. पेन गालाला लावून तिने विचारले, “आबा, वरच्या वाक्यात लोक म्हणत होते. खालच्या वाक्यात लोक गेले कुठे? आणि हा ‘इट’ कोण?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. आजीकडे पाहिले, तर ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “मला काय विचारता? इंग्रजी तुमच्याकडं.”

आमच्या वस्तीतील विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. तिथे इंग्रजी शिकवायला एक बाई येतात. समाजातीलच आहेत, शाळेत शिक्षिका आहेत, मानधन घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी नातीबरोबर आम्हीही गेलो आणि मागच्या सतरंजीवर बसलो. पोरांना गंमत वाटली, पण बाईंनी आमचा मान राखला आणि शंका ऐकून घेतली.

बाईंनी सांगितले ते असे. इंग्रजी वाक्याला कर्त्याच्या जागी कोणीतरी लागतेच. ती जागा मोकळी ठेवता येत नाही. ‘पाऊस पडतोय’ हे सांगायलासुद्धा इंग्रज ‘इट इज रेनिंग’ म्हणतो. हा ‘इट’ कोणी नव्हे. तो जागा धरून बसलेला आहे, जसा आपण गाडीत रुमाल टाकून जागा धरतो. ‘सांगणे’, ‘मानणे’, ‘कळविणे’ या जातीच्या क्रियापदांबरोबर हाच ‘इट’ येतो आणि ज्याने सांगितले, मानले, कळविले तो माणूस वाक्यातून बाहेर राहतो. ‘दे से’ म्हणा, ‘पीपल से’ म्हणा किंवा ‘वन हिअर्स’ म्हणा, काम तेच. ‘दे’ म्हणजे ते, पण ते कोण याचा पत्ता नाही. ‘वन’ म्हणजे कोणी एक, पण तो एक कोणीच नाही.

आणखी एक रूप त्यांनी फळ्यावर लिहिले. ‘ही इज सेड टू बी ऑनेस्ट’. इथे ‘इट’सुद्धा गेला. ज्याच्याविषयी बोलले तोच पुढे उभा राहिला आणि बोलणारे सगळे पडद्याआड. मराठीत हेच काम आपण एका शब्दात करतो. तो शब्द म्हणजे ‘म्हणे’. तो प्रामाणिक आहे म्हणे. तिने नवरा सोडला म्हणे. उद्या पाणी येणार नाही म्हणे.

मग बाईंनी सांगितलेली एक गोष्ट आम्ही वहीत उतरवून घेतली. बोलणारा माणूस वाक्यातून तीन कारणांनी गाळला जातो. पहिले, तो कोण हे ठाऊक नसते. दुसरे, तो कोण हे सांगण्याची गरज नसते, कारण ती गोष्ट सर्वांनाच माहीत असते. आणि तिसरे, तो कोण हे सांगायचे नसते.

तिसरे कारण ऐकले आणि आम्हाला आमच्या पत्र्याच्या पेटीतला एक कागद आठवला.

साल १९८४. आम्ही एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. एके दिवशी सुटताना हजेरीबाबूने एक इंग्रजी मेमो हातात दिला आणि सही घेतली. आमचे शिक्षण तेव्हा गावच्या शाळेत नववीपर्यंतचे. अक्षरे लागत, अर्थ लागत नसे. चाळीत एक गृहस्थ कचेरीत कामाला होते. त्यांच्याकडे कागद नेला. त्यांनी वाचून सांगितले, “तुम्ही पाळीत झोपला होता असं साहेबांनी लिहिलंय. वाद घालू नका, नोकरीचा प्रश्न आहे. माफी लिहून द्या.” त्यांनीच माफीनामा लिहिला आणि आम्ही सही केली. आमची एका वर्षाची वेतनवाढ थांबली. तेव्हा घरात दोन लहान मुले होती. त्या वाढीच्या रुपयांची किंमत काय होती, हे कामगाराच्या घरात सांगायला नको.

अभ्यासिकेतून आलो त्या रात्री पेटी उघडली. धम्मदीक्षेचे प्रमाणपत्र, वडिलांचा एक फोटो, रेशनकार्डाच्या जुन्या प्रती आणि त्याखाली घडीवर फाटलेला तो मेमो. नातीने तो ट्यूबलाइटखाली धरून वाचला. पहिलेच शब्द होते, ‘इट हॅज बीन रिपोर्टेड दॅट यू वेअर फाउंड स्लीपिंग’. म्हणजे, तुम्ही झोपलेले आढळलात असे कळविण्यात आले आहे.

पोरगी म्हणाली, “आबा, साहेबांनी लिहिलंय की तुम्ही झोपला होता, असं नाहीच मुळी! साहेब म्हणतात, असं कुणीतरी कळवलंय. आणि कुणाला आढळला तेही नाही. एका वाक्यात दोन माणसं लपलीत.”

तिने वहीचे पान काढले आणि शाळेतल्यासारखे ते वाक्य उलटे फिरवायला घेतले. कर्मणीचे कर्तरी करायचे तर कर्ता लिहावाच लागतो. तिने सुरुवातीला एक रेघ ओढली, मधे एक रेघ ओढली आणि बाकीचे शब्द मांडले. ‘अमक्याने कळविले आहे की तमक्याला तुम्ही झोपलेले आढळलात.’ अमक्याच्या जागी रेघ, तमक्याच्या जागी रेघ. आम्ही त्या दोन रेघांकडे बराच वेळ बघत राहिलो. त्या दोन रेघांपुढे आम्ही माफी मागितली होती.

नातीने सरळ विचारले, “मग तुम्ही झोपला होता का?”

खरे सांगायचे तर त्या रात्री पट्टा तुटून मशीन बंद पडली होती. फिटरची वाट पाहत आम्ही बाकड्यावर बसलो होतो. डोळा लागला असेल की नसेल, हे छातीठोकपणे आजही सांगवत नाही. पण प्रश्न तो नाही. कोणी पाहिले, किती वाजता पाहिले, तेव्हा मशीन चालू होती की बंद, हे विचारण्याचा आमचा हक्क होता. कामगारावर आरोप ठेवला तर त्याला उत्तर देण्याची संधी मिळावी लागते. चौकशी झाली तर आरोपाचा साक्षीदार समोर यावा लागतो आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतात. हे आम्हाला पुढे युनियनमध्ये गेल्यावर समजले. तेव्हा समजले असते तरी मेमोतले वाक्य समजले नव्हते, हे मात्र खरे.

म्हणून आमच्या वाचक बंधू-भगिनींना कळकळीने सांगावेसे वाटते. घरात इंग्रजी पत्र आले तर घाबरू नका. ते कचेरीचे असो, बँकेचे असो की शाळेचे असो, आधी क्रियापद पाहा. बाईंनी आम्हाला या क्रियापदांचे वजन समजावून दिले आहे. ‘इट इज सेड’ म्हणजे नुसते बोलले जाते, जबाबदारी कोणाची नाही. ‘इट इज बिलीव्ह्ड’ म्हणजे तसे मानले जाते, पण मानणे म्हणजे माहीत असणे नव्हे. ‘इट इज रिपोर्टेड’ म्हणजे कोणीतरी कळविले आहे, तेव्हा तो कळविलेला कागद कुठे आहे हे विचारा. ‘इट इज अलेज्ड’ म्हणजे आरोप आहे, सिद्ध झालेला नाही. ‘इट इज नोन’ म्हणजे ठाऊक आहे, तेव्हा कशावरून ठाऊक हे विचारा. ‘इट हॅज बीन प्रूव्ह्ड’ म्हणजे सिद्ध झाले आहे, तेव्हा कुठे आणि कोणासमोर सिद्ध झाले हे विचारा. पत्राला उत्तर देताना नम्रपणे लिहा की ज्या अहवालाच्या आधारे हे लिहिले त्याची प्रत मिळावी. सरकारी कचेरी असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने, काही अपवाद सोडता, अशी प्रत मागता येते. आणि कोणत्याही कागदावर अर्थ समजण्यापूर्वी सही करू नका. आम्ही केली, तुम्ही करू नका.

कर्ता गाळलेले प्रत्येक वाक्य लबाडीचे असते असे मात्र समजू नये. एखाद्या माणसावर गुन्हा दाखल झाला तर वर्तमानपत्राने ‘असा आरोप आहे’ असेच लिहिले पाहिजे. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत तो गुन्हेगार नाही. तिथे ‘अलेज्ड’ हा शब्द दुबळ्या माणसाचे रक्षण करतो. आणि आपल्या संविधानाचे कलम १७ पाहा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे ते सांगते. कोणी नष्ट केली ते त्या कलमात लिहिलेले नाही. बाईंनी हे दाखविले तेव्हा आम्ही चमकलो. पण नातीने लगेच पाठ असलेली प्रास्ताविका आठवली. तिथे अगदी पहिलाच शब्द ‘आम्ही’ आहे. आम्ही, भारताचे लोक. मसुदा समितीचे अध्यक्ष परमपूज्य बाबासाहेब होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या या संविधानात कर्ता दारातच उभा आहे. आत कुठेही ‘करण्यात आली आहे’ असे वाचले तरी कोणी केली याचे उत्तर पहिल्या शब्दात दिलेले आहे. ज्या वाक्यामागे जबाबदारी घेणारा उभा असतो ते वाक्य कर्मणी असले तरी पोकळ नसते.

उलट ज्याच्यामागे कोणीच उभे नसते, त्या वाक्याने काय होते हे आपल्या समाजाने महाडला भोगले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळे नगरपालिकेचे होते आणि ते सर्वांना खुले असल्याचा तिचा ठराव आधीच झालेला होता. आपले लोक शिस्तीने गेले आणि शिस्तीने परतले. त्यानंतर थोड्याच वेळात गावात एक वाक्य फिरले की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत म्हणे. कोणी सांगितले? कोणी ऐकले? परिषदेत तसा ठराव झालेला नव्हता, तसा कोणाचा बेतही नव्हता. पण ‘म्हणे’ला पुरावा लागत नाही. त्या एका अफवेवर जमाव काठ्या घेऊन निघाला. मंडपात जेवत असलेल्या, गावाकडे परतत असलेल्या आपल्या माणसांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शांत राहण्यास सांगितले नसते तर त्या दिवशी काय घडले असते याची कल्पना करवत नाही.

महाडचे पुढले प्रकरणही याच विषयाचे आहे. तळ्यावर अस्पृश्यांना न येऊ देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आलेली आहे, असे सांगून विरोधक कोर्टात गेले. ‘चालत आलेली आहे’ या वाक्यालाही कर्ता नाही. कोणी चालविली, केव्हापासून चालविली, हे विचारायचेच नाही. पण कोर्टाने विचारले. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादि काळापासूनची रूढी सिद्ध झालेली नाही. गावोगाव लोकांना ज्या वाक्याने पाण्यापासून दूर ठेवले, ते वाक्य पुरावा मागताच टिकले नाही. बाबासाहेबांची विद्या काय कामाची होती, हे आम्हाला व्याकरणाच्या एका धड्याने पुन्हा कळले.

हे सारे आम्ही त्या रात्री जेवताना मोठ्या उत्साहाने घरात सांगत होतो. कारखान्याने आम्हाला कसे फसवले, महाडला अफवेने कसा घात केला. आजी ऐकत होती. भाकरी ताटात टाकून ती एवढेच म्हणाली, “अहो, दुसऱ्यांचं म्हणे म्हणे सांगताय. आपल्या खजिनदार भाऊंचं आठवा.”

घास तोंडातच राहिला.

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या विहाराच्या स्लॅबसाठी वर्गणी गोळा होत होती. आमच्याच वस्तीतील एक भाऊ खजिनदार होते. निवृत्त माणूस, हिशेब चोख, पावतीशिवाय रुपया घेत नसत. त्याच सुमारास त्यांच्या घरात नवीन फरशी बसली. एका लग्नात हळदीच्या दिवशी आम्ही चार माणसांत बसून सहज बोललो, “भाऊंनी फरशी कशी काय केली असेल?” एवढेच. तो प्रश्न होता. मनात थोडी असूया होती, हेही कबूल करतो. आमच्या घरी तेव्हा शहाबादी फरशी उखडलेली होती.

पंधरा दिवसांनी तेच आमच्या कानावर परत आले. पण आता तो प्रश्न राहिला नव्हता. ‘विहाराच्या पैशातून फरशी झाली म्हणे.’ आम्ही ते ऐकले आणि आपलाच प्रश्न कपडे बदलून आला आहे हे ओळखले नाही! उलट, लोक म्हणतात तर काहीतरी असेल, असे आम्हाला वाटले. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, अशी म्हण आपल्याकडे आहेच. त्या महिन्याच्या सभेत आम्ही उठून उभे राहिलो आणि म्हणालो, “समाजात अशी चर्चा आहे की हिशेबाचा खुलासा व्हावा.”

‘समाजात अशी चर्चा आहे.’ वाचकहो, हे वाक्य नीट पाहा. हा आमचा ‘इट’ होता. आम्ही आरोप केला आणि आम्हीच वाक्यातून बाहेर राहिलो.

भाऊंनी शांतपणे वही, पावत्या आणि बँकेचे पासबुक सभेपुढे ठेवले. पै-पैचा हिशेब लागला. फरशी त्यांच्या पत्नीच्या भिशीतून झाली होती. भिशीत असलेल्या बायका तिथेच बसल्या होत्या, त्यांनी सांगितले. मग एकाने विचारले की ही चर्चा सुरू कोणी केली? ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखविले. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. फिरत फिरत ते बोट आमच्याकडे आले. “तुम्हीच नव्हता का म्हणाला, हळदीच्या दिवशी?” आम्ही म्हणालो, “आम्ही तर नुसतं विचारलं होतं.” सभा संपली. भाऊंनी पद सोडले. पुढे ते वंदनेला येत, पण मागे बसत आणि वंदना होताच उठून जात. आम्ही त्यांच्याशी कधी त्याविषयी बोललो नाही. माफी मागावी असे वाटे, पण कशाची? आम्ही तर काही म्हटलेच नव्हते, चर्चा होती! ‘इट’ माणसाला किती सोयीची जागा देतो ते पाहा.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी उठून कालाम सुत्त वाचायला घेतले. आपल्या घरांत हे सुत्त ठाऊक आहे. केसपुत्त गावचे कालाम तथागतांना विचारतात की येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही कोणाचे मानावे? तथागत त्यांना सांगतात की अमुक अमुक कारणांनी एखादी गोष्ट मानू नका. त्या यादीत एक शब्द आहे, ‘इतिकिरा’. आमच्या विहारात येणाऱ्या भन्तेजींना अर्थ विचारला. ते म्हणाले, “इति म्हणजे असे आणि किर म्हणजे म्हणे. ‘असे म्हणे’ एवढ्यावर मानू नका.”

अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी आपल्या नळावरचा शब्द नेमका पकडून ठेवला आहे! आम्ही आजवर हे सुत्त देवाधर्माच्या भाकडकथांविरुद्ध वापरीत आलो आणि ते योग्यच आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे म्हणतात, हेही एक ‘इतिकिरा’च. बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी ते स्पष्ट नाकारावयास लावले. पण शेजाऱ्याविषयीच्या ‘म्हणे’लाही हेच सुत्त लागू आहे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

भन्तेजींनी विनयातील एक कथाही सांगितली. दब्ब मल्लपुत्त नावाचे भिक्खू होते. संघात कोणाची राहण्याची सोय कुठे आणि भोजनाचे आमंत्रण कोणाला, ही व्यवस्था ते पाहत. काही भिक्खूंना वाट्याला आलेले भोजन आवडले नाही. त्यांनी राग धरला आणि दब्बांवर खोटा आरोप घडवून आणला. तथागतांनी ‘असे म्हणतात’ म्हणून निकाल दिला नाही. सर्व संघासमोर त्यांनी दब्बांनाच विचारले, त्यांचे म्हणणे ऐकले आणि मग आरोप करणाऱ्यांची चौकशी केली. आरोप खोटा ठरला. आधार नसताना दुसऱ्यावर घोर आरोप करणे हा भिक्खूसाठी मोठा अपराध आहे असा नियम त्यातूनच झाला. जो समाजाची व्यवस्था पाहतो त्याच्यावर बोट लवकर उठते, हे तेव्हाही होते.

भन्तेजींनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. सुत्तांची सुरुवात कशी होते? असे मी ऐकले आहे, अशी. परंपरेनुसार हा ‘मी’ म्हणजे आनंद. आणि लगेच तथागत तेव्हा कोणत्या ठिकाणी होते ते येते. ऐकलेलीच गोष्ट आहे, पण ऐकणारा स्वतः उभा आहे आणि ठिकाणही सांगतो आहे. ऐकलेले सांगूच नये असा धम्म नाही. सांगताना आपण लपू नये, एवढेच.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे भाऊंच्या घरी गेलो. त्या फरशीवर बसलो. चहा आला. आम्ही म्हणालो, “भाऊ, हळदीच्या दिवशी ते वाक्य बोललो तो मी. सभेत चर्चा आहे म्हणालो तोही मीच. दुसरं कुणी नव्हतं.” या लेखात आम्ही सुरुवातीपासून ‘आम्ही’ म्हणतो आहोत. लिहिण्याची तशी रीत आहे. पण तिथे ‘आम्ही’ म्हणून भागले नसते.

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “एक जण जरी समोर येऊन म्हणाला असता की मी तुला चोर म्हणतो, तर त्याला हिशेब दाखवून मी मोकळा झालो असतो. लोक म्हणतात म्हटल्यावर मी कुणाकुणाला पासबुक दाखवत फिरू?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात, ज्या सभेत ते वाक्य बोललो होतो त्याच ठिकाणी उभे राहून आम्ही तेच सर्वांसमोर सांगितले. भाऊ मागेच बसले होते. ते पुन्हा पद घेणार नाहीत असे म्हणाले. वय झाले आहे. पण त्या दिवशी ते वंदना होताच उठून गेले नाहीत, खीर घेऊन गेले.

आता आमच्या घरात एक नियम झाला आहे आणि तो नातीने केला आहे. घरात कोणी ‘म्हणे’ म्हटले की बाकीच्यांनी विचारायचे, “कोण म्हणे?” उत्तर आले तर बोलणे पुढे चालू. उत्तर नसेल तर ते बोलणे उंबऱ्याबाहेर जायचे नाही. मोबाईलवर ‘असे समजते’, ‘सूत्रांकडून कळते’ म्हणून जे येते त्यालाही तोच नियम. सुरुवातीला चिडचिड झाली. आजीची तर नळावरची निम्मी बातमीच बंद पडली! पण निम्मी राहिली ती खरी आहे, असे तीच म्हणते.

जुन्या मेमोचे आता काही होणार नाही. थांबलेली वेतनवाढ परत येत नसते. तो कागद पुन्हा पेटीत ठेवताना नातीने दोन रेघांचे ते पानही त्याच्याबरोबर घडी घालून ठेवले. तिच्या परीक्षेत हा प्रश्न आला तर ती ‘इट इज सेड’ असेच लिहील आणि तिला गुण मिळतील. ‘बाय पीपल’ लिहू नये हा परीक्षेचा नियम आहे, तो पाळलाच पाहिजे. परीक्षेबाहेर मात्र ती रेघ कोणाच्या नावाची आहे हे आपण विचारीत जाऊ या. आणि ती आपल्याच नावाची निघाली, तर तिथे आपले नाव लिहू या.

जय भीम!